बारा खणांचं घर

शिकागोतल्या एका साध्याशा बारमध्ये रविवारी संध्याकाळी काउंटरच्या टोकाला एक कागद ठेवलेला असतो. त्यावर हाताने आखलेले रकाने: गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड, माउथ ऑर्गन, गायन. बाहेरच्या बर्फातून आत आलेला माणूस आधी हातमोजे काढतो, कागदावर नाव लिहितो आणि मग बसायला जागा शोधतो. नाव लिहायला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, आधी वाजवून दाखवावं लागत नाही. तासाभराने एकमेकांना कधीच न भेटलेले पाच जण मंचावर चढतात, दोन वाक्यं बोलतात आणि वाजवायला लागतात. ते जुळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की ही मंडळी आठवडाभर तालीम करून आली असणार. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले की यातला ड्रमवाला सोडून बाकी कोणाला त्यांनी आजवर पाहिलेलंही नाही.

याला ओपन ब्लूज जॅम म्हणतात. मैफल नव्हे, स्पर्धा नव्हे, तालीमही नव्हे. आपल्याकडे एकादशीला देवळात भजन चालू असताना वाटसरू आत येतो, टाळ उचलतो आणि रांगेत उभा राहतो, त्याच्या जवळचं हे काहीतरी आहे. वाटसरू उभा राहू शकतो, कारण अभंगाची चाल आणि भजनी ठेका त्याच्या अंगात आधीच असतो. ब्लूजच्या जॅममध्येही सगळ्यांच्या अंगात आधीच असलेली एक गोष्ट आहे. ती समजली की पुढचं सगळं समजतं.

ब्लूजची बहुतेक गाणी एकाच आराखड्यावर उभी असतात. चार मात्रांचा एक तुकडा, असे बारा तुकडे, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. या तुकड्याला इंग्रजीत बारच म्हणतात. दारूच्या बारशी घोटाळा नको, म्हणून मी त्याला खण म्हणतो. जुन्या घरांचं माप आपण खणांतच सांगत आलो, आणि हे बारा खणांचं घर आहे. षड्ज कुठलाही धरा. पहिले चार खण षड्जावरच्या कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छाचे. पुढचे दोन मध्यमावरच्या, मग दोन पुन्हा षड्जावर. नवव्या खणात पंचम, दहाव्यात मध्यम, आणि शेवटचे दोन परत षड्जावर. बाराव्या खणात बहुधा पंचमाला पुन्हा स्पर्श होतो आणि तो कानाला पुढच्या समेकडे ओढून नेतो. या शेवटच्या दोन खणांचं नाव टर्नअराउंड. तबल्याच्या साथीत मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला ते लगेच ओळखू येतं.

लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर हे घर 24 सेकंदांत फिरून होतं. दहा फेऱ्या म्हणजे चार मिनिटांचं गाणं. संथ ब्लूजमध्ये त्याच घरात पाऊण मिनिट राहता येतं. शब्दांची मांडणीही ठरलेली असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीला चार खण मिळतात, पण गळा त्यातले दोन-अडीचच वापरतो. उरलेली जागा गिटारची किंवा माउथ ऑर्गनची. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी उचलतात, तसा हा प्रकार. फरक इतकाच की इथला झीलकरी दर वेळी नवं काहीतरी म्हणतो. शिवाय पहिली ओळ दोनदा येत असल्याने गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला सवड मिळते. ऐन वेळी रचणाऱ्यांसाठी याहून सोयीचा साचा मला दुसरा माहीत नाही.

सुरांचंही तसंच. नवखा गिटारवाला जे पाच सूर पहिल्यांदा शिकतो, ते म्हणजे षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर. पण धानी गाणाऱ्याने त्या भरवशावर मंचावर जाऊ नये, कारण ब्लूजचा जीव या पाच सुरांच्या मधल्या फटींत आहे. त्याचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी लागतो. गिटारच्या पडद्यावर तो मिळत नाही. तार बोटाने आडवी ओढून तिथवर न्यावी लागते. सतारीवर मींड काढताना हात जे करतो, तेच इथेही. म्हणून मराठी श्रोत्याला ब्लूज परका वाटत नाही असं माझं मत आहे. श्रुतींवर वाढलेल्या कानाला त्या ओढलेल्या तारेतलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

हे घर बांधणारी माणसं कोण होती, हे मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यांवर, कृष्णवर्णीय कुटुंबं अर्धेलीने राबत होती आणि मालकाच्या वहीतल्या कर्जातून कधी बाहेर पडत नव्हती. शनिवारी रात्री मळ्याच्या कडेला एखाद्या लाकडी खोपटात दारू, तळलेले मासे, नाच आणि गिटार असे. या खोपटांना ज्यूक जॉइंट म्हणत. आजच्या जॅमचं मूळ तिथे आहे. शाळा नव्हती, लिहिलेलं नोटेशन नव्हतं. मोठे वाजवायला बसले की पोरांनी जवळ बसून पाहायचं आणि ते दम खायला उठले की गिटार उचलायची, एवढंच शिक्षण.

मिसिसिपीचा गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन याची गोष्ट यासाठीच पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ती सांगणारे सन हाउस हे त्या भागातले थोर गायक होते. त्यांच्या आठवणीनुसार हा पोरगा माउथ ऑर्गन बरा वाजवायचा, पण गिटारचं वेड घेऊन बसला होता. मोठे बाहेर गेले की तो त्यांची गिटार घेई आणि असा काही गोंगाट करी की लोक बाहेर येऊन सांगत, त्या पोराच्या हातातून ती काढून घ्या. मग तो तिथून निघून गेला. काही काळाने परत आला आणि वाजवलं, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. लोकांनी त्यातून सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा रचली. मला त्या दंतकथेपेक्षा खरी हकीकत मोठी वाटते. हा मुलगा हेझलहर्स्टच्या परिसरात आईक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याजवळ राहून शिकत होता. पुढे 1936 आणि 1937 मध्ये त्याने 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 मध्ये, 27 व्या वर्षी तो गेला. भर लोकांत एकदा नको म्हटलं गेल्यावर पुन्हा त्याच लोकांसमोर येऊन बसण्याची त्याची हिंमत आज जॅमच्या कागदावर नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

1916 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेली. मिसिसिपीतून निघालेल्यांना आगगाडी थेट शिकागोला नेई. 1943 मध्ये मिसिसिपीतले गायक-गिटारवादक मडी वॉटर्स तिथे पोहोचले. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून ती विजेवर चढली. मडी, जिमी रॉजर्स आणि लिटल वॉल्टर ही तरुण मंडळी रात्री एका क्लबमधून दुसऱ्यात जात, तिथे वाजवत असलेल्यांकडून दोन गाण्यांची परवानगी मागत आणि त्यांच्यावर मात करून बाहेर पडत. स्वतःला ते हेडहंटर्स म्हणवत. कोकणातल्या डबलबारीला बसलेल्या वाचकाला ही ईर्षा वेगळी सांगायला नको. तिथेही समोरच्या बुवाच्या गजराला तोडीस तोड गजर द्यावाच लागतो, आणि तरी रात्र सरते ती भजनातच.

सगळ्यांनाच मात करायची नव्हती, काहींना फक्त पाय रोवायला जागा हवी होती. गिटारवाला बडी गाय 1957 मध्ये लुइझियानातून शिकागोत आला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. काही महिन्यांत खिसा रिकामा झाला आणि पोटही. कोणा अनोळखी माणसाने त्याला 708 क्लबमध्ये नेलं, तिथे ओटिस रश वाजवत होता. बडीला मंचावर घेतलं गेलं. त्या रात्री मडी वॉटर्स तिथे आले आणि या उपाशी मुलाला त्यांनी आपल्या गाडीत बसवून सलामीचं सँडविच खायला घातलं, असं बडीने स्वतः सांगितलं आहे. गायिका कोको टेलर दिवसा श्रीमंतांच्या घरी साफसफाईचं काम करी आणि रात्री नवऱ्याबरोबर क्लबमध्ये जाऊन, बँडवाल्यांनी बोलावलं की एखादं गाणं म्हणे. 1962 मध्ये गीतकार विली डिक्सनने तिला असंच ऐकलं आणि 1966 मध्ये तिचं ‘वँग डँग डूडल’ देशभर गाजलं. दुसऱ्याच्या मंचावर असं एक-दोन गाण्यांपुरतं बसण्याला सिटिंग इन म्हणतात. जॅम म्हणजे त्याच रिवाजाची ठरलेली रात्र.

ती रात्र बऱ्याचदा सोमवारची असे. शुक्रवार-शनिवार कलावंत पोटासाठी वाजवत, सोमवारी त्यांना सुट्टी आणि क्लबही रिकामे. शिकागोच्या दक्षिण भागात थेरेसा नीडम या बाईंनी 1949 मध्ये एका इमारतीच्या तळघरात थेरेसाज लाउंज सुरू केलं. तिथल्या सोमवारच्या बैठका प्रसिद्ध होत्या. माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स तिथला नेहमीचा कलावंत. त्या तळघरात नावाजलेले आणि अनोळखी एकाच मंचावर चढत. हिशेब आजही तोच आहे. मंद रात्री जॅममुळे बारमध्ये तीस-चाळीस गिऱ्हाइकं येतात आणि म्हणून मालक जागा, वीज आणि मंच देतो. त्यामुळे वाजवायला आलेल्याने निदान एक पेय विकत घ्यावं, मग ते लिंबूपाणी का असेना, आणि त्या बारच्या ठरलेल्या, म्हणजे घरच्या बँडसाठी ठेवलेल्या बरणीत काही डॉलर टाकावेत. याला उपकार समजू नये. हा मंच उद्या राहावा याचं ते भाडं आहे.

आता मंचावर काय होतं ते पाहू. सुरुवातीचा पाऊण-एक तास घरचा बँड वाजवतो. मग जॅम चालवणारा कागद हातात घेतो. पुऱ्या रात्रीचं यश या एका माणसावर असतं. नवख्या गिटारवाल्याच्या मागे खंबीर ड्रमवाला ठेवायचा, दोन मोठ्या आवाजाचे एकत्र येऊ द्यायचे नाहीत, लांबून आलेल्याला फार ताटकळत ठेवायचं नाही, हे सगळं तो कागदाकडे बघत मनात जुळवत असतो. प्रत्येक जमलेल्या जथ्याला साधारण तीन गाणी मिळतात. गाणारा वळून म्हणतो, “शफल, ए मध्ये, क्विक चेंज, फ्रॉम द फाइव्ह.” या एका वाक्यात पूर्ण गाणं ठरतं. शफल म्हणजे घोड्याच्या दुडक्या चालीची लय. मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. ए हा षड्ज. क्विक चेंज म्हणजे दुसऱ्याच खणात मध्यमावर जाऊन परत यायचं. फ्रॉम द फाइव्ह म्हणजे सुरुवात नवव्या खणापासून, पंचमावरून. शेवटचे चार खण वाजले की गाणारा पहिल्या खणात शब्द घेऊन शिरतो.

आवाजात बोलणं ऐकू येत नसेल तर हात बोलतात. एक बोट वर म्हणजे जी, दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ए, चार म्हणजे ई. बोटं जमिनीकडे असतील तर एक म्हणजे एफ, दोन म्हणजे बी फ्लॅट. त्या त्या पट्टीत जितके शार्प किंवा फ्लॅट, तितकी बोटं. मूठ वर आली की गाणं संपवायचं. माउथ ऑर्गनवाल्याचा हिशेब आणखी वेगळा असतो. गाणं ए मध्ये असेल तर तो डी चा माउथ ऑर्गन काढतो, ई मध्ये असेल तर ए चा, म्हणजे गाण्याच्या षड्जाचा मध्यम ज्याचा षड्ज असेल तो. तसं केल्यावर श्वास आत ओढताना हवे ते सूर वाकवता येतात. म्हणून त्याच्या पेटीत निरनिराळ्या पट्ट्यांचे माउथ ऑर्गन रांगेने लावलेले असतात आणि पट्टी आधी कळणं ही त्याची सर्वांत मोठी गरज असते. त्याला न सांगता गाणं सुरू करणं हा उद्धटपणाच म्हणायला हवा.

मी पहिल्यांदा वाजवायला उभा राहिलो तेव्हा घरी घोटून तयार केलेली दोन आवर्तनं माझ्याकडे होती. माझी पाळी आली, मी डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाजवू लागलो. नवव्या खणापाशी कुठेतरी बाकीचे पंचमावर गेले आणि मी षड्जावरच राहिलो. कीबोर्डवरच्या बाईंनी पुढच्या समेच्या आधी टर्नअराउंड इतका ठसठशीत वाजवला की मला दार कुठे आहे ते कळलं आणि मी आत आलो. खाली उतरल्यावर बेसवाल्याने विचारलं, “गायिका गात होती तेव्हा तुला तिचे शब्द ऐकू येत होते का?” मी आठवून पाहिलं. एकही शब्द ऐकू आला नव्हता. तो म्हणाला, “मग तू मोठ्याने वाजवत होतास.” त्या प्रश्नाने मला जितकं शिकवलं तितकं दोन वर्षांच्या सरावाने शिकवलं नव्हतं.

जॅमचे सगळे शिष्टाचार या एका प्रश्नातून निघतात. गाणारा गात असताना आवाज खाली आणायचा. दुसऱ्याचं एकल वादन चालू असताना नुसते तुटक कॉर्ड द्यायचे किंवा हात थांबवायचा. मंचावर तीन गिटारी असतील तर तिघांनी एकच गोष्ट वाजवायची नाही, आणि एकाने अजिबात न वाजवणं हेही वाजवणंच आहे. गाण्यांच्या मध्ये बोटं चालवत राहायचं नाही. सूर लावायचा तो आवाज बंद ठेवून. एकल वादनाला एक किंवा दोन आवर्तनं मिळतात. ती संपत आली की शेजाऱ्याकडे बघायचं, म्हणजे तो तयार होतो. डोळे उघडे ठेवणं हे इथलं अर्धं कौशल्य आहे. पट्टीचे वाजवणारे जॅमला येतात तेव्हा ते बहुतेक वेळ काही दाखवत नाहीत, एका कोपऱ्यात उभे राहून लय धरून ठेवतात. नवख्याला तो काळजाचा आधार असतो. मडीने उपाशी मुलाला जे सँडविच दिलं, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

आपण या घरात पाहुणे आहोत, हे विसरू नये असं मला फार वाटतं. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांना शहरातल्या कित्येक हॉटेलांच्या पुढच्या दारातून प्रवेश नव्हता, आणि तरीही त्यांनी आपल्या मंचाचं दार उघडं ठेवलं. म्हणून पाहुण्याने आधी ऐकावं. मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर, कोको टेलर, बी. बी. किंग यांची मूळ ध्वनिमुद्रणं ऐकावीत. त्यांची नावं गाणं सुरू करताना घ्यावीत.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरतो. 708 क्लबमध्ये उपाशीपोटी मंचावर चढलेला तोच बडी गाय पहिल्याच वर्षी तिथे वाजवून गेला, आणि नंतरही आला. महोत्सवाचा शेवट सगळ्या कलावंतांच्या एकत्र जॅमने होतो. तो पाहताना लोक मोठ्या नावांच्या बोटांकडे बघतात. पुढच्या वेळी त्यांच्या डोळ्यांकडे बघा, कोण कोणाला कधी मान हलवतो ते दिसेल.

आणि वाजवत असाल तर जा. शिकागो, मेम्फिस, लंडन, जिथे कामासाठी किंवा मुलांकडे गेला असाल तिथल्या जॅमची चौकशी करा. पहिल्या रात्री नुसतं बसा आणि खण मोजा. दुसऱ्या रात्री गिटार, एक केबल आणि सूर लावायचं यंत्र घेऊन जा. ॲम्प्लिफायर तिथे असतो, ड्रमवाल्याने फक्त काठ्या न्याव्यात. ज्याच्या सगळ्या जागा तुम्हाला माहीत आहेत असं एकच गाणं ठरवा, आणि त्याची पट्टी माउथ ऑर्गनवाल्याला आधी सांगा. गिटारसाठी थांबावं लागेल, कारण त्या रकान्यात नेहमीच गर्दी असते. बेस वाजवता येत असेल तर थांबावं लागणार नाही. तो रकाना बहुतेक रात्री रिकामाच असतो.